स्पॅनिश भाषेतील ऋतू आणि हवामान : काही अर्थविचार

परकीय भाषा शिकविणाऱ्या प्राथमिक पुस्तकांत ऋतू आणि हवामान यांचा पाठ फार लवकर येतो. बारा महिन्यांची नावे, चार ऋतू आणि 'आज हवा कशी आहे ?' या प्रश्नाची पाचसहा ठरीव उत्तरे एवढ्यावर तो आटोपतो आणि विद्यार्थी पुढच्या पाठाकडे वळतो. ऊन, पाऊस, थंडी व वारा या सर्व मानवजातीच्या अनुभवाच्या गोष्टी असल्यामुळे त्यांची नावे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहज नेता येतील, अशी समजूत या घाईच्या मुळाशी असते. वस्तुतः नेमक्या याच ठिकाणी भाषांतरकाराची फसगत होण्याचा संभव अधिक असतो. अवघड शब्दापाशी मनुष्य थांबतो, कोश उघडतो. सोप्या शब्दापाशी तो थांबत नाही.

स्पॅनिश भाषेच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. सुमारे वीस देशांची ही राजभाषा विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांस, समशीतोष्ण व उष्ण अशा दोन्ही कटिबंधांत, समुद्रकिनाऱ्यावर आणि अँडीजच्या उंच पठारांवर बोलली जाते. आकाश इतके निरनिराळे आणि ऋतूंची नावे मात्र तीच चार. कोशात 'इन्बिएर्नो' या शब्दापुढे 'हिवाळा' असा अर्थ आढळतो, आणि माद्रिदपुरता तो बरोबरही आहे. परंतु ग्वातेमालातील शेतकरी किंवा कोलंबियातील ट्रकचालक हाच शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा पावसाळा असतो. हे अंतर कसे पडले, हवामान सांगण्यासाठी स्पॅनिश भाषा कोणत्या वाक्यरचना योजते आणि मराठी जाणणाऱ्यास त्यांत परिचयाचे काय आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे. स्पॅनिश शब्दांचे लेखन सामान्यतः अमेरिका खंडातील उच्चारास अनुसरून केले आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत ज्या 'स'चा उच्चार जीभ दातांना लावून 'थ'सारखा होतो, तो भेद येथे दाखविलेला नाही.

प्रथम वाक्यरचना पाहू जाता असे दिसते की, हवामान सांगण्याचे काम स्पॅनिशने एकाच क्रियापदाकडे सोपविलेले नाही. पहिला वर्ग कर्त्याविना येणाऱ्या क्रियापदांचा. 'युएबे' म्हणजे पाऊस पडतो, 'निएबा' म्हणजे बर्फ पडते, 'ग्रानीसा' म्हणजे गारा पडतात, 'त्रुएना' म्हणजे गडगडते. ही क्रियापदे तृतीय पुरुषी एकवचनात येतात आणि त्यांना कर्ता नसतो. इंग्रजीत अशा ठिकाणी एक अर्थशून्य सर्वनाम कर्त्याच्या आसनावर बसवावे लागते. स्पॅनिशला त्याची गरज भासत नाही. मराठीलाही ती भासत नाही. 'उजाडते', 'सांजावते', 'गडगडते', 'उकडते' या क्रियापदांना मराठी व्याकरणकारांनी भावकर्तृक ही संज्ञा दिली आहे. क्रियेचा भाव हाच तेथे कर्ता मानला जातो. इंग्रजीच्या द्वारे स्पॅनिश शिकणारा मराठी विद्यार्थी 'युएबे'च्या आधी सर्वनाम शोधत बसतो. मातृभाषेचे स्मरण ठेवल्यास हा शोध त्याला करावाच लागणार नाही.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. 'आमानेसे' म्हणजे उजाडते आणि 'आनोचेसे' म्हणजे रात्र पडते. यांतील पहिल्या क्रियापदाला स्पॅनिशमध्ये मनुष्यही कर्ता होऊ शकतो. रात्रभर प्रवास करून पहाटे बुर्गोस या गावी पोहोचलेले प्रवासी 'आमानेसिमोस एन बुर्गोस' असे म्हणतील. शब्दशः 'आम्ही बुर्गोसमध्ये उजाडलो'. हे वाक्य इंग्रजीत एका शब्दाने सांगता येत नाही. मराठीत मात्र 'आम्हांला बुर्गोसला उजाडले' असे सहज म्हणता येते. स्पॅनिशमध्ये अनुभव घेणारा प्रथमेत येतो, मराठीत चतुर्थीत. पण उजाडण्याची क्रिया माणसाशी जोडण्याची रीत दोन्ही भाषांत आहे.

दुसरा वर्ग 'आसेर' म्हणजे 'करणे' या क्रियापदाचा. 'आसे फ्रीओ' म्हणजे थंडी आहे. शब्दशः, 'थंडी करते'. त्याचप्रमाणे 'आसे कालोर' म्हणजे उकाडा आहे, 'आसे सोल' म्हणजे ऊन पडले आहे, 'आसे बिएन्तो' म्हणजे वारा सुटला आहे. येथेही करणारा कोण हे सांगितलेले नसते. या रचनेत 'आसे'नंतर नाम येते, विशेषण नव्हे, हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. कारण 'फार थंडी आहे' असे म्हणावयाचे असता नामाशी जुळणारा 'मूचो' हा शब्द वापरावा लागतो, विशेषणाशी जुळणारा 'मुई' चालत नाही. मराठीतील 'फार' हा शब्द 'फार थंडी' आणि 'फार ढगाळ' अशा दोन्ही ठिकाणी चालतो, म्हणून मराठी भाषकाची येथे हटकून चूक होते. हेच क्रियापद गेलेला काळ मोजण्यासही वापरतात : 'आसे दोस आन्योस' म्हणजे दोन वर्षांपूर्वी. शिवाय ज्या 'तिएम्पो' या नामाने हवामानाची चौकशी होते, त्याचा दुसरा अर्थ 'काळ' असाच आहे. काळ आणि हवा यांचा हा संबंध मराठीस अपरिचित नाही. 'थंडीचे दिवस' किंवा 'पावसाचे दिवस' या प्रयोगांत 'दिवस' हा शब्द असेच दुहेरी काम करतो.

जे डोळ्यांना वस्तुरूपाने दिसते त्यासाठी 'आबेर' या अस्तित्ववाचक क्रियापदाचे 'आय' हे रूप येते : 'आय निएब्ला' म्हणजे धुके आहे, 'आय नुबेस' म्हणजे ढग आहेत. आकाशाची तात्कालिक अवस्था सांगण्यास 'एस्तार' योजतात : 'एस्ता नुब्लादो' म्हणजे ढगाळ आहे, 'एस्ता देस्पेखादो' म्हणजे आकाश निरभ्र आहे. आणि या सर्वांचा अनुभव घेणारा मनुष्य वाक्यात आला की 'तेनेर' म्हणजे 'जवळ असणे' हे क्रियापद पुढे येते : 'तेन्गो फ्रीओ' म्हणजे मला थंडी वाजते.

एका थंडीसाठी स्पॅनिशमध्ये अशी चार क्रियापदे आहेत. हवेतील थंडी 'आसे'ने सांगावयाची, अंगाला वाजणारी 'तेनेर'ने, वस्तूला काही काळ आलेला गारवा 'एस्तार'ने आणि वस्तूचा स्वाभाविक धर्म 'सेर'ने. पेल्यातले पाणी गार आहे हे 'एस्तार'चे काम. बर्फ थंड असते हे 'सेर'चे. मराठीतही 'थंडी पडली', 'थंडी वाजते', 'पाणी गार झाले आहे' आणि 'बर्फ थंड असते' असे भेद आहेतच. फक्त ते आपल्या अंगवळणी पडल्यामुळे जाणवत नाहीत. या सीमा ओलांडल्यास केवळ व्याकरणदोष घडतो असे नाही. 'मला उकडते' या अर्थी 'तेन्गो कालोर' असे न म्हणता 'एस्तोइ कालिएन्ते' असे म्हणणाऱ्याच्या वाक्याला शिष्ट संभाषणात न शोभणारा अर्थ प्राप्त होतो, हे शिक्षकाने आधीच सांगून ठेवलेले बरे.

क्रियापदांची ही विभागणी देशोदेशी जवळजवळ सारखी आहे. ऋतुनामांचे मात्र तसे नाही, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते.

'प्रीमाबेरा', 'बेरानो', 'ओतोन्यो' आणि 'इन्बिएर्नो' ही चारही नावे लॅटिनमधून आलेली आहेत. त्यांपैकी 'इन्बिएर्नो'चे मूळ थंडीच्या काळाचे विशेषण असलेल्या 'हिबेर्नुम' या शब्दात आहे, आणि हा शब्द संस्कृतातील 'हिम' व 'हेमंत' यांचा सगोत्र आहे. मराठीतील 'हिंव' आणि 'हिवाळा' हे शब्द त्याच 'हिम'पासून आलेले. म्हणजे 'इन्बिएर्नो' आणि 'हिवाळा' हे दूरच्या नात्याने भाऊबंद ठरतात. 'बेरानो'ची हकीकत याहून चमत्कारिक आहे. लॅटिनमध्ये 'वेर' म्हणजे वसंत ऋतू. तो शब्द आणि संस्कृत 'वसंत' एकाच मुळाचे आहेत. त्याच 'वेर'पासून 'प्रीमाबेरा' आणि 'बेरानो' ही दोन्ही नावे निघाली, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये 'बेरानो' हा वसंताचा उत्तरभाग मानला जाई. कडक उन्हाळ्याला 'एस्तीओ' असे वेगळे नाव होते. सर्व्हान्टीसच्या 'दोन किखोते'च्या १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात, ५३ व्या प्रकरणाच्या आरंभी, वर्षाचे ऋतू मोजताना पाच नावे येतात ती यामुळेच. पुढे 'बेरानो'ने सगळा उन्हाळा व्यापला आणि 'एस्तीओ' ग्रांथिक भाषेपुरता उरला. सहा ऋतू मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्या वाचकास हे कळण्यास अडचण पडू नये. शास्त्राने सहा ऋतू सांगितले तरी मराठी माणसाचा व्यवहार उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिहींवरच चालतो. ऋतूंची संख्या निसर्ग ठरवीत नाही. ती भाषा ठरविते.

१४९२ नंतर ही ऋतुनामे अटलांटिकपार गेली. नव्या प्रदेशात वसाहतीसाठी गेलेल्यांत आन्दालुसिया आणि एस्त्रेमादुरा या दक्षिण व नैर्ऋत्य स्पेनमधील प्रांतांतील लोकांचा भरणा मोठा होता; १५०३ पासून या प्रवासाचे नियमन करणारी कचेरीही सेव्हिलमध्येच होती. भूमध्य समुद्राभोवतालच्या हवामानाप्रमाणे त्या भागात पाऊस थंडीच्या महिन्यांत पडतो आणि जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. तेथील माणसाच्या दृष्टीने 'इन्बिएर्नो' या शब्दात थंडी आणि पाऊस या दोन गोष्टी एकत्र होत्या. 'बेरानो'त उष्मा आणि कोरडेपणा. उष्ण कटिबंधात त्यांची फारकत झाली. तेथे वर्षभर उष्णता फारशी बदलत नाही. बदलतो तो पाऊस. म्हणून स्पॅनिश वसाहतकारांनी 'इन्बिएर्नो'तील थंडी सोडून दिली आणि पाऊस तेवढा ठेवला. उत्तर गोलार्धातील मध्य अमेरिकेत मे ते नोव्हेंबर या पावसाच्या महिन्यांना 'इन्बिएर्नो' आणि पुढील कोरड्या महिन्यांना 'बेरानो' ही नावे मिळाली. युरोपीय पंचांगाच्या हिशेबाने अगदी उलटी. पेरूमध्ये अनेक वर्षे राहिलेल्या होसे दे आकोस्ता या जेझुइट पंडिताने १५९० साली सेव्हिल येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, उष्ण कटिबंधात सूर्य जवळ असतानाच पाऊस का पडतो, या प्राचीन ग्रंथकारांना न सुटलेल्या कोड्याची सविस्तर चर्चा केली आहे.

हा अनुभव एकट्या स्पॅनिशचा नव्हे. त्याच शतकात स्पॅनिशची भगिनी पोर्तुगीज भाषा गोव्यात आली, आणि मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध पडून बंदर बंद होण्याच्या दिवसांना, म्हणजे आपल्या ऐन पावसाळ्याला, पोर्तुगीजांनी 'इन्व्हेर्नु' म्हणजे हिवाळा असेच म्हटले. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याच्या १५९६ मधील प्रवासग्रंथातही गोव्याच्या पावसाळ्याला 'हिवाळा' म्हटलेले आढळते. जुन्या युरोपीय कागदपत्रांच्या आधारे कोकणाचा इतिहास लिहिणाऱ्यास हे ठाऊक नसेल, तर आषाढातील घटना पौषात नेऊन ठेवण्याचा प्रमाद त्याच्या हातून सहज घडेल. या दिवसांना नेमका शब्द पुढे त्याच दर्यावर्दी लोकांनी अरबीतून घेतला. अरबी 'मौसिम'वरून पोर्तुगीज 'मोन्सांव', स्पॅनिश 'मोन्सोन' आणि मराठीतील 'मोसमी वारे' हे तिन्ही निघाले आहेत.

आजची स्थिती एकाच महिन्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. डिसेंबर महिन्यात माद्रिदमध्ये 'इन्बिएर्नो' लागतो; तो थंडीचा. त्याच महिन्यात ब्वेनोस आयरेसमध्ये 'बेरानो' लागतो. दक्षिण गोलार्धातील तो खराखुरा उन्हाळा असतो आणि नाताळ उकाड्यात साजरा होतो. कोस्टा रिकाची राजधानी सान होसे उत्तर गोलार्धात असूनही तेथेही डिसेंबरात 'बेरानो'च लागतो. पण हा 'बेरानो' पाऊस थांबल्याचा असतो, आणि वाऱ्यामुळे त्या दिवसांत हवा गारच असते. पेरूच्या डोंगराळ भागात, कुस्कोसारख्या ठिकाणी, पंचांग या वेळी 'बेरानो' म्हणते. परंतु पावसाने जोर धरलेला असल्यामुळे खेडूत या दिवसांना 'इन्बिएर्नो' म्हणतात. एक्वादोरच्या किनाऱ्यावरील ग्वायाकिल शहरी तर जानेवारी ते एप्रिल हा 'इन्बिएर्नो' वर्षातील सर्वांत उकाड्याचा काळ असतो आणि जूननंतरचा 'बेरानो' त्याहून थंड असतो. कोलंबियातील बोगोता परिसरात पावसाचे दोन हंगाम असतात, त्यामुळे तेथील माणसाच्या बोलण्यात वर्षातून दोनदा 'इन्बिएर्नो' येऊ शकतो. अशा वाक्यांचे 'हिवाळा' या एका शब्दाने भाषांतर करणाऱ्यास अर्थ लागणार नाही. अथवा चुकीचा अर्थ लागेल आणि त्याची त्याला जाणीवही होणार नाही.

या दुसऱ्या शक्यतेचे उत्तम उदाहरण आधुनिक वाङ्मयात आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांची माकोन्दो गावातील पाऊस पाहत बसलेल्या इसाबेलची कथा १९५५ साली प्रसिद्ध झाली. कथेच्या आरंभीच, एका रविवारी प्रार्थना आटोपून लोक चर्चमधून बाहेर पडत असता, 'इन्बिएर्नो' कोसळतो. पुढे तो पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही, घरेदारे आणि माणसांची मने भिजवून कुजवीत राहतो. त्या आधी सात महिने 'बेरानो' होता असाही उल्लेख कथेत येतो. सात महिन्यांचा उन्हाळा चार ऋतूंच्या पंचांगात बसत नाही; कॅरिबियन किनाऱ्यावरील कोरड्या हंगामात मात्र तो बरोबर बसतो. ग्रेगरी रबासा यांच्यासारख्या अधिकारी अनुवादकाच्या १९७२ च्या इंग्रजी भाषांतरात येथे थंडीच्या ऋतूचेच नाव आलेले आहे. इंग्रजीला दुसरा सुटसुटीत शब्दच नाही, म्हणून तो दोष मानण्याचे कारण नाही. वाचकाला थोडे परके, थोडे अद्भुत वाटावे, असाही त्याचा एक परिणाम होतो. परंतु मराठीत लॅटिन अमेरिकेचे साहित्य बव्हंशी इंग्रजीवाटेच येत असल्याने, त्या इंग्रजी शब्दाचे 'हिवाळा' असे भाषांतर होणे अगदी स्वाभाविक आहे. तसे झाल्यास मूळ स्पॅनिशमध्ये जे रोजच्या बोलण्यातले होते ते मराठीत गूढ होईल. आणि ज्या भाषेजवळ 'पावसाळा' असा नेमका, घरगुती शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिनेच तो वापरला नाही असा प्रकार घडेल.

वाङ्मयात अशा चुकीने रसहानी होते. वृत्तात तिचे मोल अधिक असते. २०१० व २०११ या वर्षांत कोलंबियात अतिवृष्टीमुळे नद्यांना प्रचंड पूर आले, दरडी कोसळल्या आणि लक्षावधी लोक आपद्ग्रस्त झाले. डिसेंबर २०१० मध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. या आपत्तीस त्या देशातील वृत्तपत्रांनी आणि सरकारी कागदपत्रांनी 'ओला इन्बेर्नाल' असे नाव दिले. शब्दशः अर्थ करावयाचा तर 'हिवाळी लाट'. मराठी वृत्तपत्रांत 'थंडीची लाट' हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की, वृत्त भाषांतरित करणाऱ्याची लेखणी आपोआप तेथे वळेल, आणि महापुरात बुडालेल्या गावांची बातमी ब्लँकेटांच्या टंचाईची बातमी होऊन बसेल. कोस्टा रिकाच्या हवामान खात्याच्या पत्रकांत आता 'एपोका युबिओसा' म्हणजे पावसाचा काळ आणि 'एपोका सेका' म्हणजे कोरडा काळ असे निःसंदिग्ध शब्द योजलेले असतात. पण शास्त्रीय पत्रकाची भाषा आणि बाजारातील भाषा एक नसते. लोकांच्या तोंडचे 'इन्बिएर्नो' आणि 'बेरानो' अबाधित आहेत.

पावसाळी प्रदेशातील स्पॅनिशची ओळख पटली की, तिच्यातील अनेक शब्दांसाठी मराठीत जवळचे प्रतिशब्द निघतात. 'बेरानियो' हे 'बेरानो'चे लघुत्वदर्शक रूप. स्पेनमध्ये ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे संत मार्तीनच्या सणाच्या सुमारास थंडीत मध्येच चार दिवस ऊब येते, तिला 'सान मार्तीनचा बेरानियो' म्हणतात. मध्य अमेरिकेत २४ जूनच्या सुमारास पाऊस काही दिवस थांबतो, तो 'सान ख्वानचा बेरानियो'. एकच शब्द, एके ठिकाणी ऊब सांगणारा, दुसऱ्या ठिकाणी उघडीप. यांपैकी दुसऱ्यासाठी 'उघडीप' यापरता चांगला शब्द कोणत्याही युरोपीय भाषेत मिळणे कठीण. 'तेम्पोराल' म्हणजे स्पेनमध्ये वादळ. मध्य अमेरिकेत अनेक दिवस न थांबता पडणारा पाऊस, म्हणजे आपली झड. 'आग्वासेरो' म्हणजे एकाएकी येणारी जोराची सर, 'योबिस्ना' म्हणजे भुरभुर. लिमाच्या किनाऱ्यावर थंड सागरप्रवाहामुळे खरा पाऊस जवळजवळ पडतच नाही, परंतु धुक्यातून अंगावर उतरणारा ओलावा असतो. त्याचे नाव 'गारूआ'. स्पेनच्या उत्तर भागातील न जाणवता भिजविणाऱ्या बारीक पावसाला 'कालाबोबोस' म्हणजे 'खुळ्यांना भिजविणारा' असे विनोदी नाव आहे; शहाणा मनुष्य आडोसा शोधतो, खुळा 'हा कसला पाऊस !' म्हणून चालत राहतो.

संतांच्या सणांवरून हवेचा अंदाज बांधण्याची ही पद्धत मराठी शेतकऱ्यास अनोळखी वाटू नये. जे काम मराठीत मृग, आर्द्रा आणि हस्त ही नक्षत्रे करतात, ते स्पॅनिश ग्रामीण बोलीत सान इसीद्रो, सान ख्वान आणि सान मार्तीन करतात. शेतकऱ्यांचा संरक्षक संत इसीद्रो याचा सण १५ मे रोजी येतो आणि मध्य अमेरिकेत पावसाची वाट त्याच सुमारास पाहिली जाते. 'एन्त्रो एल इन्बिएर्नो', शब्दशः 'पावसाळा आत आला', असे तेथे म्हणतात; आपल्याकडे मृगाबरोबर तो 'लागतो'.

परंतु स्पॅनिशमध्ये ताऱ्यावरून आलेले हवामानाचे नावही एक आहे, आणि ते अर्थदृष्ट्या सर्वांत बोधप्रद आहे. 'कानीकुला' म्हणजे लॅटिनमध्ये 'लहान कुत्री'. हे व्याधाच्या तेजस्वी ताऱ्याचे नाव. हा तारा सूर्याबरोबर उगवण्याचे दिवस भूमध्य प्रदेशात कडक उन्हाचे असत, म्हणून स्पेनमध्ये 'कानीकुला' म्हणजे उन्हाळ्यातील ऐन काहिलीचे दिवस. मध्य अमेरिकेत हाच शब्द जुलै-ऑगस्टमधील पावसाच्या खंडाला लागला. तेथील शेतकरी पहिल्या पावसावर मे महिन्यात 'प्रिमेरा' म्हणजे पहिली पेरणी करतो आणि खंड संपल्यावर 'पोस्त्रेरा' म्हणजे नंतरची पेरणी. मका आणि घेवडा यांचे त्याचे वर्ष या दोहोंमधील अंतरावर अवलंबून असते. खंड नेमका असेल तर तो पिकास सोसतो. लांबला तर उभा मका करपतो. २०१८ मध्ये ग्वातेमाला, होन्डुरास आणि एल साल्वादोर येथे 'कानीकुला' लांबली आणि कोरडवाहू पट्ट्यातील पिके मोठ्या प्रमाणावर गेली. स्पेनमध्ये छापलेल्या कोशावर विसंबून या बातमीत 'उष्णतेची लाट' असे लिहिणारा अनुवादक शब्दाशी प्रामाणिक राहील, पण शेतकऱ्याची विपत्ती त्याला कळलेली नसेल. 'पावसाने ओढ दिली' एवढ्या तीन शब्दांत मराठी वाचकाला ती नेमकी कळते. आकाशात व्याध मृगाच्या पाठीशी असतो. एका भाषेत मृग पावसाच्या आगमनाचे नाव झाला, दुसरीत व्याध त्याच्या खंडाचे.

हवामानाचा एक स्पॅनिश शब्द तर मराठी वृत्तपत्रांतून आता घरोघरी पोहोचला आहे. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार सागरप्रवाहाला बाळ येशूवरून 'एल नीन्यो' म्हणजे 'तो बाळ' असे म्हणत. १८९० च्या दशकात लिमा येथील भूगोल मंडळाच्या द्वारे हे नाव विद्वानांपर्यंत गेले. मराठीत ते 'एल निनो' या रूपाने स्थिरावले. १९७२ साली हा प्रवाह प्रबळ होता. पेरूची मासेमारी त्या सुमारास कोसळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने भीषण दुष्काळ अनुभवला. हा संबंध दर वर्षी सारखाच प्रकट होतो असे नाही. १९९७ साली एल नीन्यो अत्यंत प्रबळ असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. तरीही स्पॅनिशभाषक कोळ्यांचा शब्द मराठी शेतकऱ्याच्या चिंतेचा शब्द व्हावा, यावरून या दोन भाषांचे आकाश कोठे तरी एक आहे, हे दिसून येते.

या विवेचनावरून अध्यापक आणि कोशकार यांच्यासाठी काही व्यवहारोपयोगी निष्कर्ष निघतात. भारतातील विद्यापीठांत स्पॅनिश शिकविताना चार ऋतूंचा पाठ युरोपच्या चित्रांवर संपवू नये. तेथे नकाशा मांडून, एकाच महिन्यात निरनिराळ्या शहरी कोणता ऋतू म्हणतात, हे दाखवावे. स्पॅनिश-मराठी कोशात 'इन्बिएर्नो' या नोंदीखाली किमान दोन अर्थ असावेत : स्पेन आणि दक्षिण गोलार्धातील समशीतोष्ण देशांत हिवाळा, तर उष्ण कटिबंधातील अमेरिकेत पावसाळा, आणि पहिल्या अर्थापुढे महिने लिहिताना गोलार्धही सांगावा. 'बेरानो'पुढे उन्हाळा व कोरडा हंगाम, 'बेरानियो'पुढे ऊब व उघडीप, 'कानीकुला'पुढे काहिलीचे दिवस व पावसाचा खंड, 'तेम्पोराल'पुढे वादळ व झड, अशी प्रदेशनिर्देशासह विभागणी करावी. भाषांतरकाराने ऋतूचे नाव दिसताच प्रथम गावाचे नाव शोधावे, मग महिना, आणि त्यानंतर मराठी शब्द निवडावा. असा शब्द मराठीत बहुधा तयारच असतो. कारण पावसाकडे डोळे लावून बसण्याचा अनुभव जितका तेगुसिगाल्पाच्या आसपासच्या शेतकऱ्याचा आहे, तितकाच तो मराठवाड्यातील शेतकऱ्याचाही आहे.